दसऱ्याआधीच्या आठ रात्री

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय अपू,

बापाचं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा होता तसाच आहे, आणि काल पाण्याचा दिवस होता, टाकी काठोकाठ भरली, म्हणजे पुढच्या पाण्यापर्यंत निदान त्या बाबतीत तरी तुझी आई खुशीत राहील. फोनवर आपण रोज बोलतो हे खरं, पण ते बोलणं "जेवलीस का"पासून सुरू होतं आणि "ठेवू का मग"वर संपतं. मला जे सांगायचंय ते या दोन वाक्यांच्या मधे मावत नाही. सात-आठ महिने प्रयत्न करून पाहिला. शेवटी चौकातल्या दुकानातून रेघांचे कागद आणले आणि बसलो.

आधी बातमी देतो, आणि हसायचं नाही. मी तुझं ते आकाशाच्या फोटोंचं सॉफ्टवेअर शिकलो. शिकलो म्हणायला जीभ जरा अडखळते, पण जानेवारीत तू हैदराबादला गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा कॉम्प्युटर सुरू केला, आणि तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की मी त्याच्यासमोर असतो. तुझ्या आईला आधी वाटलं मी पत्ते खेळतोय. मग एक दिवस मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवो, ह्ये तर तिचं आभाळ हाय. तुमी कशाला त्यात हात घालताय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण मला जरा दमानं घेऊ दे.

शिकवलं कुणी म्हणशील, तर तूच. तुझी ती लांबट वही तू इथं विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, मला माहीत नाही. तिच्यात तू एकेक पायरी मराठीत लिहून ठेवली आहेस, आणि समासात स्वतःलाच दटावलं आहेस. 'घाई नको.' 'इथं उठ, चहा पी, मग परत बघ.' आणि एका ठिकाणी, 'दिसावंसं वाटतंय म्हणून दिसतंय का?' हे वाचलं आणि मी वही मिटून बसलो. चितेगावच्या कंपनीत पेंट शॉपला एकोणतीस वर्षं मी रंग तपासले, शंभरेक माणसं माझ्या हाताखालून गेली, पण हा प्रश्न स्वतःला विचारणारा त्यात एकही नव्हता. मी तरी कधी विचारला होता का, ते आठवत नाही.

तुझा पहिला फोटो मला अजून आठवतो. रात्रभर गच्चीवर दुर्बीण आपली आपण फिरत राहायची, तू खाली झोपलेली असायचीस, आणि सकाळी पोहे खाता खाता फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचीस. मला वाटलं आता काहीतरी भव्य दिसणार. तू उघडलंस तर नुसता काळाकुट्ट चौकोन. पाच मिनिटांचा एक फोटो, आणि त्यात काही म्हणजे काही नाही. मी म्हणालो, "अपू, झाकण काढायचं राहिलं वाटतं." तू म्हणालीस, "आप्पा, ह्याच्यात सगळं आहे, फक्त तळाला बसलंय." मग असे शेकडो काळे फोटो तू एकावर एक रचलेस, आणि साय न मोडता दूध ओतावं इतक्या हळू तळाला बसलेला उजेड वर घेतलास. त्या काळ्यातून शर्मिष्ठा तारकासमूहातला वायूचा ढग वर आला. हजारो वर्षांपूर्वी तिकडून निघालेला उजेड आपल्या गच्चीवर उतरला होता आणि आम्ही त्या वेळी घोरत होतो.

गल्लीत नवे एलईडी दिवे लागले तेव्हा मी मनात म्हटलं होतं, झालं, पोरीचं दुकान बसलं. पण तुझे ते तीन फिल्टर! एक हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा, एक गंधकाचा. प्रत्येकात एकाच रंगापुरती केसाएवढी फट, बाकी सगळ्या जगाचा उजेड दाराबाहेर. आणि दुर्बिणीवर झाकण लावून तू मुद्दाम फोटो काढायचीस, तो तर मला निव्वळ वेडेपणा वाटला. तू समजावलंस की मिट्ट अंधारातही कॅमेरा आपल्या मनचं काहीतरी दाखवत असतो. ते त्याचं स्वतःचं खोटं आधी मोजायचं आणि मग प्रत्येक फोटोतून वजा करायचं. मला ते फार पटलं. माणसांसाठीही असं एखादं झाकण असतं तर बरं झालं असतं.

आपलं भांडण मात्र रंगावरून झालं. तिन्ही फिल्टरचे फोटो येतात काळे-पांढरेच, आणि गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग तू देतेस, हे कळलं तेव्हा मी उखडलोच. एका छटेच्या फरकावरून मी अख्खा लॉट परत पाठवलेला माणूस. म्हणालो, "मंग ह्ये खोटंच की." तू चिडली नाहीस. म्हणालीस, "आप्पा, रंग मी देते. आकार मी देत नाही. जिथं ऑक्सिजन नाही तिथं मी निळा टेकवत नाही." दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या जुन्या दोस्तांना फोन करून ऐकवलं. तुझ्यासमोर काही बोललो नाही, कारण आपल्या घरात असं तोंडावर म्हणायची पद्धत नाही. आज लिहून म्हणतो, मला तुझा फार अभिमान वाटला होता.

माझी स्वतःची गत विचारू नकोस. माझा पहिला ढग अथपासून इतिपर्यंत हिरवा झाला. हायड्रोजनच सगळ्यात जास्त असतो आणि त्यालाच हिरवा दिलेला, म्हणून तो हिरवा नंतर कमी करावा लागतो, हे वहीच्या पुढच्या पानावर होतं आणि मी पान उलटलंच नव्हतं. तुझी आई म्हणाली, "अळूचं फदफदं केलंय नुसतं." मग शहराचा उजेड काढून टाकायची पायरी आली. रिकाम्या आभाळावर छोटे चौकोन ठेवायचे, म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की नुसतं आभाळ कसं आहे आणि तेवढं ते काढून टाकतं. मी सगळीकडे सारखे दिसावेत म्हणून चौकोन शिस्तीत रांगेनं ठेवले, निम्मे ढगावरच. सॉफ्टवेअरनं माझा ढग गिळला आणि वर स्वच्छ आभाळ दिलं. चार महिने गेले असतील मला साधं रिकामं आभाळ ओळखायला. तारे बाजूला काढून ठेवायचे, ढगाचं काम करायचं आणि तेच तारे परत जागच्या जागी आणून बसवायचे, ही युक्ती पहिल्यांदा जमली त्या दिवशी मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

एकदा मोह झाला. तुझ्या वहीत मोठ्या अक्षरात आहे, 'आपोआप गुळगुळीत करणारं बटण नको. ते नसलेलं रचून देतं.' मी दाबलं. अगं, काय फोटो झाला! कॅलेंडरवर छापावा असा. तासभर बघत बसलो. मग वहीतलं वाक्य पुन्हा वाचलं आणि सगळं मागं घेतलं. तू हे किती वेळा केलं असशील, चांगला दिसणारा फोटो नुसता खरा नाही म्हणून पुसून टाकला असशील, याचा विचार करत राहिलो. नोकरी सांभाळून, जेवण गार करून, पाठ मोडून करायचीस, आणि आम्ही म्हणायचो, पोरगी कॉम्प्युटरवर खेळते.

आता त्या कमानीकडे येतो. तिच्याबद्दल बोलायचं आपण दोघांनीही टाळलंय.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी दुपारी तू हाक मारलीस, "आप्पा, आई, इकडं या." नुसत्या ऑक्सिजनचा फोटो होता, आणि ढगाच्या डाव्या अंगाला, त्याच्यापासून जरा लांब, एक फिकी कमान होती. फुटलेल्या बांगडीचा तुकडा पडावा तशी. तू चार दिवस जगभरच्या याद्या धुंडाळल्यास आणि ती कुठंच नव्हती. पुण्याच्या सुदर्शन सरांना, तुमच्या हौशी मंडळींच्या त्या गटप्रमुखांना, फोटो पाठवलास. त्यांनी सांगितलं, रात्रींचे दोन वाटे कर, एक आड एक, आणि वेगवेगळे रचून बघ. तू केलंस. कमान दोन्हीकडे होती. सरांचं उत्तर आलं की आता फक्त दुर्बिणीतच काही दोष नाही ना एवढं बघ, मग आपण मोठ्या दुर्बिणीची वेळ मागू. त्या रात्री तू जेवताना तीन भाकरी खाल्ल्यास, तुझ्या आईनं मोजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तू दुर्बिणीचं पुढचं भिंग उन्हात तिरकं धरलंस आणि तुला डाग दिसला. बोटभर लांब, बिनरंगाचा, कांजी वाळावी तसा. मला तू नीट समजावलं होतंस, म्हणून आठवतंय. काचेवरचा डाग जसाच्या तसा फोटोत उमटत नाही, पण फोटोच्या बाहेरच्या एखाद्या ठळक ताऱ्याचा उजेड त्याच्यावरून विखुरतो आणि अशी खोटी कमान उभी राहू शकते. डाग पहिल्या रात्रीपासून असेल, तर कमान प्रत्येक वाट्यात दिसणारच आणि तिचा काही भरवसा नाही. डाग मधेच कधीतरी पडला असेल, तर त्याच्या आधीच्या रात्री तेवढ्या वेगळ्या रचायच्या, की दूध का दूध. पण तो पडला कधी, हे माहीत पाहिजे. तू आईला विचारलंस, कुणी हात लावला होता का. आई नाय म्हणाली. मला विचारलंस. मीही नाय म्हणालो.

मग तू हिशोब लावलास की सप्टेंबरात दुर्बीण जोडताना तुझाच हात लागला असणार. सुदर्शन सरांना स्वतःहून पत्र लिहिलंस की कमान धरू नका, चूक माझ्या हाताची आहे. कुणी मागितलं नव्हतं. डाग घराबाहेर कुणी पाहिला नव्हता. गप्प बसली असतीस तरी चाललं असतं, आणि तू गप्प बसली नाहीस. मग दुर्बीण पुसून, गुंडाळून दिवाणाखाली सारलीस आणि महिन्याभरात हैदराबादची नोकरी धरलीस. सरांचा फोन आला होता तेव्हा तू त्यांना काय म्हणालीस, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "माझ्या हाताचा भरवसा नाही, सर."

तुला आमच्या पेंट शॉपच्या चिठ्ठ्या आठवतात ना. माल बिघडला की त्याला लाल चिठ्ठी लावायची, आणि चिठ्ठीवर बिघडवणाऱ्यानं स्वतःचं नाव स्वतः लिहायचं. चांगल्या मालाला हिरवी, आणि तिच्यावर दोन सह्या, कारण आपणच घोटलेला रंग आपल्या डोळ्याला नेहमी बरोबर वाटतो. मी या बाबतीत फार कडक होतो. नवीन माणूस घाबरला की मी म्हणायचो, "लाव चिठ्ठी, कुणी खात नाय तुला." जेवताना हे किस्से मी तुला इतके ऐकवले, की तू चौथीत असताना गणिताच्या वहीवर स्वतःच लाल कागद चिकटवून आणला होतास. सुदर्शन सरांना लिहिलेलं तुझं पत्र म्हणजे तीच चिठ्ठी होती. फक्त तिच्यावरचं नाव चुकीचं होतं.

दसऱ्याला तू आणि आई सोयगावला मामाकडे गेला होतात. मी एकटाच घरी होतो. एकोणतीस वर्षं दसऱ्याला पेंट शॉपच्या यंत्रांची पूजा माझ्या हातानं झाली, आणि निवृत्तीनंतर त्या दिवशी माझे हात नुसते शिवशिवतात. स्कूटर पुजली, आईचं शिलाई मशीन पुजलं, तुझा कॉम्प्युटर पुजला. मग वाटलं, घरातलं खरं यंत्र तर वर गच्चीवर आहे. तू जाताना बजावून गेली होतीस, आप्पा, हात लावू नका. पण माझ्या मनानं घेतलं की पूजा म्हणजे काही हात लावणं नव्हे. आमचे जुने फोरमन सर्जेराव म्हणायचे, तोंड झाकलेल्या यंत्राची पूजा पोचत नसती. म्हणून मी झाकण काढलं. सवयीनं काच आधी तिरकी करून बघितली, जसा रंगवलेला पत्रा बघायचो तशी. मग नळीला हळदी-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं आणि कठड्यावर नारळ फोडला. नारळ लई पाण्याचा निघाला. शिंतोडे काचेवर उडाले, आणि मी खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसले.

समोरून काच चकचकीत दिसली. ऊन उतरलं होतं म्हणून तिरकं धरून परत बघितलं नाही, आणि ती चूक माझ्यासारख्या माणसानं करायला नको होती. झाकण लावलं. तू रागावशील म्हणून हळदी-कुंकूही ओल्या फडक्यानं पुसून टाकलं, फूल कुंडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा दुर्बीण होती तशी होती, आणि मी विसरूनही गेलो. डिसेंबरात तू उन्हात तो डाग दाखवलास त्याच क्षणी मला नारळ आठवला.

तू एकदा नाही, तीनदा विचारलंस. पहिल्यांदा तोंडातून नाय निघून गेलं, लहान पोरासारखं. दुसऱ्यांदा तुझी आई समोर होती आणि तिच्यासमोर शब्द फिरवायची लाज वाटली. तिसऱ्यांदा तू सरांना पत्र लिहायला बसली होतीस, मान वर न करता विचारलंस, "आप्पा, नक्की ना?" आणि मी म्हणालो, "नक्की." एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना चिठ्ठ्या लावायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीसमोर स्वतःची चिठ्ठी लपवली. याला सबब नाही आणि मी सांगतही नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावरचा सोडलास, हे मात्र मला सहन झालं नाही.

तू गेल्यावर ती वही उघडली ती खरं तर शेवटून. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'भिंगावर डाग. आई-आप्पांनी हात लावलेला नाही. म्हणजे मीच. सगळं रद्द.' त्या दिवशीच फोन करून सांगायचं होतं. पण मग वाटलं, नुसतं 'मी केलं' म्हणून काय होणार, ते तर माझं ओझं हलकं करणं झालं. तुझं जे हिरावलं ते परत द्यायचं तर तुझं काम यायला पाहिजे. म्हणून पहिल्या पानावर आलो आणि शिकायला लागलो. परवा तुझ्या आईला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चहा देते, पण कप आदळून देते.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. डाग कधी पडला हे माहीत असलेला माणूस मी एकटा आहे. तो दसऱ्याच्या दिवशी, दिवस मावळताना पडला, आणि त्याच्या आधी घटकाभर ती काच निर्मळ होती. पत्र्यावरच्या रंगातला केस पाच हातांवरून ओळखणाऱ्या माणसानं ती तिरकी धरून बघितली होती, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगतो. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, रोज चंद्र मावळल्यावर, तू ऑक्सिजनच्या आठ रात्री घेतल्या आहेस. तीनशे बारा फोटो. मी तेवढेच वेगळे काढले आणि तुझ्या वहीप्रमाणे रचले. बटण दाबलं नाही, घाई केली नाही, दोनदा चहा पिऊन आलो. फोटो मुद्दाम उलटा फिरवला, म्हणजे कुठं बघायचं ते कळू नये, आणि तुझ्या आईला पुढं बसवलं, बोलत नसली तरी. म्हटलं, काही दिसलं तर बोट ठेव. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग बोट टेकवून म्हणाली, "ह्ये बांगडीवानी." कमान आहे, अपू. फिकी आहे, पण आहे, निर्मळ काचेतून आहे, आणि ती तूच शोधलीस. सोबतच्या डिस्कवर 'दसऱ्याआधी' आणि 'दसऱ्यानंतर' असे दोन वाटे करून ठेवले आहेत. डिस्कला लाल चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर माझं नाव आहे, माझ्याच हातचं. सुदर्शन सरांना काय कळवायचं ते तू ठरव, माझं नाव घालूनच कळव. महिन्याभरात शर्मिष्ठा पुन्हा वर येईल, आणि दिवाणाखालची दुर्बीण मी अजून हलवलेली नाही, हात लावायला तू सांगशील तेव्हाच लावीन. डिस्कच्या खाली कमानीचा छापलेला फोटो आहे, त्याच्या मागे हिरवी चिठ्ठी आहे. एक सही मी केली आहे, पण माझ्या एकट्याच्या डोळ्यावर ती पास होत नाही. दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवली आहे. तुझ्या हाताची वाट बघतोय.

तुझाच,
आप्पा